चित्रपटांचे व्हिडिओ-परीक्षण खरोखर विश्लेषक झाले आहे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): पूर्वी यूट्यूबवरचे परीक्षण म्हणजे कथानक सांगून शेवटी तारे वाटणे, एवढेच असे. आता संकलन, ध्वनी, चौकट यांवर अर्धा-अर्धा तास बोलणारे भेटतात. हा बदल कशामुळे झाला असावा?

उत्तर १: एक कारण अगदी साधे आहे. २०१० च्या मध्यापर्यंत तिथे सामान्य खातेदाराला दहा मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकता येत नसे. पुढे टोनी झू आणि टेलर रामोस यांच्या ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ या यूट्यूब वाहिनीने २०१४ पासून प्रसंग थांबवून, पुन्हा दाखवून मुद्दा पटवण्याची पद्धत लोकप्रिय केली.

उत्तर २: खरा फरक पुराव्याचा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा मात्र जागचा हलत नाही, छापील परीक्षणात याचे वर्णनच करावे लागते, तर व्हिडिओत तो अंधार प्रेक्षक स्वतः पाहतो आणि समीक्षकाचे म्हणणे तिथल्या तिथे पडताळतो.

उत्तर ३: सरसकट तसे म्हणवत नाही. आपल्या नागपुरात चित्रित झालेल्या ‘झुंड’वरचे जे व्हिडिओ मी पाहिले, त्यांत ओळखीची ठिकाणे सापडल्याचा आनंदच (तो मलाही झाला) अधिक होता, वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत दिग्दर्शक कशी वापरतो, यावर कोणी फारसे थांबले नाही.