पाचशेचा आळस, तीस हजारांचं बिल : गाडीचे अनुभव लिहा

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो, लिंबू बांधतो, पण बोनेट उघडून बघायचं काही सुचत नाही. निदान मला तरी सुचत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढाला ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्यात रांगत होतो, एसी फुल. तापमानाचा काटा लालला टेकलाय हे बायकोला दिसलं, मला नाही. मग वाफ. कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झालं की दोन वर्षं मी त्यात बोअरचं पाणी ओतत आलो होतो. मेकॅनिकने रेडिएटर रिकामा केला तेव्हा बिनदुधाच्या चहासारखं लालसर पाणी आलं. आतल्या नळ्या क्षारांनी चोंदलेल्या. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधली सीलबंद पट्टी) उडालं होतं. बिल ३१ हजार. कुलंटचा डबा पाचशेच्या आत येतो.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. सल्ले नंतर, आधी बिल.

खारा_वारा, रत्नागिरी
आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षांत मागच्या दाराची खालची कड पापडासारखी मोडून हातात आली. गॅरेजवाल्या काकांनी दाखवलं : दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून निघून जातं. माझी सगळी बुजलेली. हेअरपिन घातली तर ओली वाळू, कुजकी पानं आणि शेवटी एक शंख! पत्रा कापून जोडला, रंग दिला, १४ हजार. आता दर महिन्याला गोड्या पाण्याने खालून गाडी धुते. हेअरपिन डॅशबोर्डातच असते.

बर्फातला_बंड्या, टोरांटो
ताई, इथे समुद्र नाही, पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कथा तीच.

उसाचा_ट्रॅक्टर, परभणी
आमच्याकडे हंगामात रस्ता दिसतच नाही, धूळच दिसते. एअर फिल्टर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यालाच भरतो आणि ॲव्हरेज पडतं. एका वर्कशॉपने फिल्टर 'बदलला'. मला शंका होती म्हणून जुन्यावर आधीच मार्करने फुली मारली होती. बिलात नवा फिल्टर, गाडीत माझी फुली. तेव्हापासून काढलेला पार्ट घरी नेतो. बायको म्हणते, भंगाराचं दुकान काढा.

घाटमाथा, नाशिक
ब्रेक ऑइलबद्दल कुणी बोलत नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं. माझं पाच वर्षं बदललेलं नव्हतं. कसारा उतरत होतो, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये (हसू नका, वडिलांनी असंच शिकवलं). सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले, ओल धरलेल्या ऑइलला आत उकळी फुटली आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं. तिसरा, दुसरा असे गिअर टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला लागलो. बिल फक्त नऊशे, पण मागच्या सीटवर आई होती. आता दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो आणि ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरतो.

संत्री_बर्फी, नागपूर
उंदीर. वायरिंग, ८ हजार. सगळे म्हणाले तंबाखू ठेवा. ठेवली. आमचे उंदीर व्यसनी निघाले. शेवटी कचराकुंडीजवळची पार्किंगची जागा सोडली, खालून जाळी बसवली आणि गाडीत चिवडा खाणं बंद केलं. तिसरा उपाय मुलांना अजून मान्य नाही.

रविवारची_गाडी, डोंबिवली
मी लोकलने जातो, गाडी फक्त गावाला. 'चाललीच कुठे?' म्हणत सात वर्षांत ३८ हजार किमी. टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह ताळ्यात ठेवणारा रबरी पट्टा) किलोमीटरवर बदलायचा असतो अशी माझी समजूत. रबराला वय असतं, हे माणगावजवळ कळलं. बेल्ट तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, इंजिन खोललं. आकडा लिहीत नाही, सासरे हा धागा वाचतात. पुस्तकात किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते. (काही इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते. आपल्याला काय आहे ते विचारून घ्या.)

हिशेबी, सांगली
थोडा विरोध नोंदवतो. हे वाचून कुणी गॅरेजात जाऊन 'सगळं करा' म्हणू नका. ते वाटच बघत असतात. इंजिन फ्लशिंग, एसीला सुगंधी फवारा, अमुक कोटिंग! मी सर्व्हिसला जाताना गाडीचं पुस्तक उघडून नेतो आणि त्या पानावर नाही ते बिलातून खोडायला लावतो. मात्र ऑइलची पट्टी दर पंधरा दिवसांनी स्वतः बघतो, सपाट जागी, इंजिन गार असताना. त्याला कुणी पैसे घेत नाही.

हवा_भरणारा, कोल्हापूर
टायरचं वयही बघा राव. कडेला डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि हवा गार टायरमध्ये तपासा. लांबून येऊन पंपावर लावलीत तर आकडा फुगलेला दिसतो. स्टेपनी विसरू नका.

धागाकर्ता
आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. स्टेपनीवर २२१४. जमिनीला एकदाही न टेकलेला टायर, नव्या रबराचे केस अजून तसेच, आणि हवा आठ पीएसआय.