नुसतं प्रकाशकाचं नाव पुरत नाही

परिषदेच्या प्रोसिडिंग्जवर (तिथल्या निबंधांच्या संग्रहावर) स्प्रिंगर किंवा आयईईई अशा मोठ्या प्रकाशकाचं नाव असलं, की निबंध पाठवायला ती परिषद डोळे झाकून निवडावी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. २०१४ मध्ये याच दोन्ही प्रकाशकांना परिषदांच्या प्रोसिडिंग्जमधले १२० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केलेल्या 'सायजेन' या प्रोग्रॅमने जुळवलेला तो निव्वळ निरर्थक मजकूर होता. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी तो शोधून काढला. म्हणजे परिषदेत ते निबंध कोणी धड वाचलेच नव्हते!

मी आता परिषदेच्या समितीत ज्यांची नावं असतात त्यातल्या दोघा-तिघांना, ते खरंच समितीवर आहेत का, असं त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ ईमेल करून विचारते. गेल्या वर्षी एका परिषदेबद्दल असं विचारलं, तर एका प्राध्यापकांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नव्हतं. (नियतकालिकं आणि परिषदा चालवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीवर अमेरिकेत झालेल्या खटल्यात, परवानगीशिवाय परिषदांसाठी नावं वापरल्याचाही आरोप होता, २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली.) माझ्या विद्यार्थिनीचे नोंदणीचे पैसे तिच्या फेलोशिपमधून जाणार होते, म्हणून तर मी विचारलं. उत्तर दोन दिवसांत आलं, आणि आम्ही निबंध पाठवला नाही.