लिखित हक्कांची सनद खरंच लागते का?

औंधकर:
भाची मेलबर्नला कायदा शिकते. सुट्टीला आली होती तेव्हा तिच्याकडून कळलं, की ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत आपल्यासारखा मूलभूत हक्कांचा भागच नाही. धर्मस्वातंत्र्यासारखी मोजकी कलमं सोडली तर सगळी मदार साध्या कायद्यांवर. व्हिक्टोरिया राज्याची २००६ ची सनद आहे, पण तोही साधा कायदाच. संसद आणि न्यायाधीश चांगले असले की भागतं, असं ती म्हणते. मला पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. जाणकारांनी लिहावं.

पर्वतीपायथा:
भाचीचं बरोबर आहे. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आपल्याकडे १९७६ साली, आणीबाणीतही होतंच की. काय उपयोग झाला?

वकीलताई, शिवाजीनगर कोर्ट:
पर्वतीपायथा, १९७६ चं मी घरातूनच ऐकलंय. माझे वडील तेव्हा मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवडा तुरुंगात होते. त्यांची काळ्या शाईने ओळी खोडलेली पत्रं आईने अजून जपून ठेवली आहेत.

आणीबाणीतही स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते, असा कौल नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात तो ४ विरुद्ध १ असा फिरवला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले, आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. पण ते कलम लिहिलेलं होतं, म्हणून भोक नेमकं कुठे पडलं ते सगळ्यांना दिसलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते बुजवलं: आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ ची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही.

याउलट ऑस्ट्रेलियात २००४ साली अल-कातेब नावाच्या, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या माणसाला बेमुदत डांबून ठेवणं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी कायदेशीर ठरवलं. तो निकाल फिरायला २०२३ उजाडलं. तेव्हाही आधार होता तो शिक्षा देणं हे सरकारचं नव्हे, न्यायालयाचं काम, या तत्त्वाचा.

आणि चांगली संसद म्हणाल, तर महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून तर कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असं नावानिशी लिहिलंय.

हडपसरवाला:
ताई, पण हक्क मागायला कोर्टात जायचं तर पैसे लागतात. गरिबाने काय करायचं?

वकीलताई, शिवाजीनगर कोर्ट:
हे अगदी खरं. म्हणून नुसती यादी पुरत नाही, दाद मागायची वाटही त्यातच लिहिलेली हवी. आपल्याकडे कलम ३२ मुळे थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना तिथे वकील मोफत मिळतो. ओळखीत कुणी अडलेलं असेल तर आधी तिथे पाठवा.

औंधकर, भाचीला अल-कातेब निकालातलं न्या. मॅकह्यू यांचं मत वाचायला सांगा. त्या माणसाची अवस्था त्यांना शोकांतिका वाटत होती, तरी त्यांनी मत दिलं ते सरकारच्या बाजूनेच.