शब्दचर्चा : हेवा, मत्सर की असूया?

डिचोलीहून :

प्रश्न शब्दाचाच आहे, पण तो घरातून आलाय म्हणून आधी तेवढं सांगतो. वय 52. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन टिप्पर दारात उभे राहिले आणि हप्ते चालूच राहिले. एक विकला, दुसऱ्यावर आता चिरे आणि खडी वाहतो. शाळेत ज्याच्या बाकावर बसायचो तो मित्र बोटीवर गेला, आज चीफ इंजिनिअर आहे. यंदा चवथीला त्याच्या नव्या घरी गेलो होतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची-रानफळांची चौकट, बघतच राहावी अशी होती : सुपारीचे घोस, चिबूड, कांगण्या, नारळाची अख्खी पेंड. येताना बायकोला म्हटलं, "सगळं विकतचं. रानात गेला असता तर कळलं असतं." ती म्हणाली, "आपली तरी कुठे रानातून आली? बाजारातूनच आणलीत ना तुम्ही?"

त्या माझ्या वाक्याला काय म्हणायचं? मी हेवा म्हणतो, मुलगी मत्सर म्हणते, आई कोंकणीत 'मोसर' म्हणते. तिन्ही एकच का?

फोंड्याहून (मराठी शिकवते) :

भाऊ, एक नाहीत. आईचा मोसर म्हणजे मत्सरच, घरात वापरून गुळगुळीत झालेला. हेवा मात्र वेगळा. मी वर्गात मुलांना एक साधी कसोटी देते : ज्याच्याबद्दल वाटतं त्याच्या तोंडावर बोलता येतं का? "तुझा हेवा वाटतो गो" असं आपण मैत्रिणीला हसत सांगतो आणि तिलाही बरं वाटतं. "तुझा मत्सर वाटतो" असं सांगून बघा. 'हेवा वाटावा असा संसार' असतो, 'मत्सर वाटावा असा संसार' कुणी म्हणत नाही. षड्रिपूंतही मत्सर आहे, हेवा नाही.

पण तुमचं येतानाचं वाक्य हेवाही नाही आणि नुसता मत्सरही नाही. ती असूया. अमरकोशात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फरक सांगितलाय : 'अक्षान्तिरीर्ष्या, असूया तु दोषारोपो गुणेष्वपि'. दुसऱ्याचं बरं सहन न होणं ती ईर्ष्या, आणि जिथे गुण आहे तिथेच दोष चिकटवणं ती असूया. माटोळी सुंदर होती हे तुम्हाला दिसलं होतं, म्हणूनच तुमचं बोट तिच्यावर गेलं. अत्रिऋषींच्या पत्नीचं नाव अनसूया, ते याच्या उलट. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रीकृष्ण अर्जुनाला 'अनसूयु' म्हणतो : तू खोट काढणारा नाहीस, म्हणून हे गुह्य तुला सांगतो. ऐकणाऱ्याची एवढी एकच पात्रता तिथे सांगितली आहे, ते मला फार मोठं वाटतं.

पेडण्याहून :

ताई, ईर्ष्येबद्दल थोडं. अमरकोशातला अर्थ मराठी बोलण्यात उरलेला नाही. 'ईर्ष्येने अभ्यास केला', 'जिंकायची ईर्ष्या' असं आपण शाबासकी देताना म्हणतो. हल्ली जळण्याच्या अर्थाने दिसते ती ईर्ष्या हिंदीकडून येते. मला ते खटकतं. चांगला कामाचा शब्द हातचा जाईल.

काणकोणहून :

हेव्याबद्दल भर घालतो. संस्कृतात बिल्हण-कल्हणांच्या काळच्या लेखनात 'हेवाक' येतो, अर्थ तीव्र इच्छा. आपट्यांनी आपल्या संस्कृत कोशात मराठी 'हेवा' त्याच्या शेजारी दाखवलाय. तेव्हा हेव्याच्या मुळाशी 'मलाही हवं' एवढंच असावं, 'त्याला नको' हे त्यात नाही.

आणि 'पोटात दुखणं' बघा. ते नेहमी दुसऱ्याच्याच पोटात दुखतं. "त्याच्या पोटात दुखलं" आपण सर्रास म्हणतो, पण "माझ्या पोटात दुखलं" म्हटलं तर ओवा देतील. हेवा मात्र बहुतेक वेळा स्वतःचा असतो, "मला वाटला" म्हणून सांगण्याजोगा.

फोंड्याहून :

खरंय. आणखी एक शब्द या चर्चेत हवा : 'बरोबरीचा'. भाऊ, तुम्हाला मोठ्या खाणमालकाबद्दल असं कधी वाटलं नसेल. वाटलं ते बाकावरच्या सोबत्याबद्दल. फारसी 'बराबर' म्हणजे छातीला छाती लावून. आपल्याकडे त्याचे दोन अर्थ झाले : 'त्याच्या बरोबर' गेलो ती सोबत, आणि 'त्याची बरोबरी' केली ती तुलना. शाळेत हे दोन्ही एकाच बाकावर बसतात. पन्नाशीत सोबत सुटलेली असते आणि बरोबरी तेवढी मागे उरते. माझ्या वर्गातली एक मैत्रीण प्राचार्य झाली तेव्हा मी तिच्या भाषणातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या होत्या. चार होत्या. आकडा अजून लक्षात आहे याचं मला वाईट वाटतं.

डिचोलीहून :

ताई, तुमच्या चार चुका वाचल्या आणि काल रात्री मित्राला फोन लावला. तो परत बोटीवर जायच्या तयारीत होता, मागे बॅगेच्या चेनचा आवाज येत होता. असूया म्हणायला जीभ वळली नाही, मत्सर तर नाहीच. म्हटलं, "माटोळीचा हेवा वाटला रे तुझ्या." बायको शेजारीच होती, तिने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मग पुढच्या चवथीला आदल्या दिवशी ये, दोघं मिळून बांधूया. मला वरची गाठ मारता येत नाही."