मदत हवी आहे: व्हर्च्युअल राउटरमागच्या एकाच व्हीएमला (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) इंटरनेट नाही, पिंग मात्र जातो

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. वळवाच्या पावसात वीज पडली आणि राउटर जळाला. डब्याचं एवढं वाईट वाटलं नाही, पण त्यातली सेटिंग्ज गेली. अभ्यासिकेचं वाय-फाय वेगळं, कार्यालयाचं वेगळं, कुठल्या मशीनला कुठला आयपी, हे सगळं दोन वर्षांत एकेक करून बसवलं होतं. तेव्हाच ठरवलं, यापुढे राउटर असा हवा की अख्खाच्या अख्खा उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवता येईल.

देणगीत आलेला एक जुना डेस्कटॉप होता (आय-५, १६ जीबी रॅम). त्यात इंटेलचं दोन पोर्टचं सेकंडहँड कार्ड टाकलं. खाली प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली), वर दोन व्हीएम: एकात पीएफसेन्स, म्हणजे राउटर आणि फायरवॉलचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात डेबियन लिनक्सवर कोहा, म्हणजे आमची पुस्तकांची यादी आणि देवघेव. एक ब्रिज (व्हीएमना खऱ्या पोर्टशी जोडणारा आभासी स्विच) फायबरच्या मोडेमकडे, दुसरा आतल्या स्विचकडे. व्हीएममधली आभासी नेटवर्क कार्डं सगळी व्हर्टआयओ प्रकारची.

अभ्यासिकेतल्या मुलांचे फोन, काउंटरवरचा पीसी, सगळ्यांना छान वेग मिळतो. काउंटरवरून कोहाही उघडतो. अडतं ते फक्त कोहाच्या व्हीएमला बाहेर जायचं असेल तेव्हा. गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग (पलीकडून उत्तर येतं का ही चाचणी) जातो, नावावरून आयपीही सापडतो, पण अपडेट लावलं की ०% वर बसून राहतं. बाहेरच्या ग्रंथालयातून पुस्तकाची नोंद ओढता येत नाही, आणि ४०० नव्या पुस्तकांच्या नोंदी खोळंबल्यात.

फायरवॉलचे नियम तीनदा तपासले. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० करून पाहिला, फरक नाही. पीएफसेन्सच्या बाहेरच्या पोर्टवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला तर सिन, म्हणजे जोडणी सुरू करणारं पॅकेट जाताना दिसतं, १ सेकंदाने परत, मग ३ऱ्या, ७व्या सेकंदाला. उत्तर शून्य. प्रत्येक ओळीत चेकसमपुढे (पॅकेट बिघडलं नाही ना हे तपासायची संख्या) 'इनकरेक्ट' लिहिलेलं.

कार्यकारिणीत नवा राउटर विकत घ्या असा सूर आहे. मला हे सोडायचं नाही. कुणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद १

दादा, टीसीपीडम्पची ती शेवटची ओळच उत्तर आहे. पॅकेटचा चेकसम हल्ली बहुतेक वेळा प्रोसेसर पूर्ण करत नाही, नेटवर्क कार्डावर सोडतो. कोहाचा व्हीएमही तेच करतो. पण कोहा ते पीएफसेन्स या वाटेत खरं कार्ड लागतच नाही, सगळं एकाच मशीनच्या रॅममध्ये चालतं. पीएफसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. तिथल्या व्हर्टआयओ ड्रायव्हरमुळे ते अर्धवट पॅकेट तसंच पुढे जातं आणि पलीकडचा सर्व्हर ते टाकून देतो. फोन आणि पीसी खऱ्या तारेवरून येतात, त्यांचा चेकसम आधीच पूर्ण असतो. पिंगचा चेकसम कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः काढतो, म्हणून तो जातो.

सिस्टम, ॲडव्हान्स्ड, नेटवर्किंग इथे 'हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद' या चौकटीत टिक करा आणि पीएफसेन्स रीबूट करा. तुमच्या लाइनला प्रोसेसरवर पडणारा जादा भार जाणवणारही नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. शिवाय दोन गोष्टी आजच करा. प्रॉक्समॉक्सला स्वतःचा स्थिर आयपी द्या. डीएचसीपीने, म्हणजे आपोआप मिळणारा आयपी पीएफसेन्सकडून घेत असेल तर राउटरचा व्हीएम बंद पडल्यावर तुम्हाला आत शिरायलाच जमणार नाही. आणि पीएफसेन्सला 'स्टार्ट ॲट बूट' लावून क्रम १ द्या, कोहा त्यानंतर. वीज येऊन-जाऊन असते तिथे हे फार महत्त्वाचं. व्हीएमचा बॅकअप त्याच डिस्कवर ठेवू नका.

धागाकर्ता

झालं! टिक केली, रीबूट केलं, अपडेट सरसर उतरलं. गेले आठ दिवस मी फायरवॉलच्या नियमांतच शोधत होतो. तुमचे मनापासून आभार.

स्थिर आयपी दिला, क्रमही लावला. पीएफसेन्सच्या सेटिंग्जची एक्सएमएल फाईल पेनड्राइव्हवर घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे. उद्या सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून चालू करणार आहे, सगळं आपोआप उभं राहतं का ते बघायला. काय होतं ते इथे लिहीन.