वॉचमनला हवालदार कोणी केलं?

(ऑगस्ट २०२५, इंदूरमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बर्वे काका (ए-३०२): नमस्कार मंडळी. १ ऑगस्टपासून इंदूरमध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद झालंय, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. कमिटीत असं ठरतंय की आपणही गेटवर हाच नियम लावावा. डोक्यावर हेल्मेट नसेल तर वॉचमन दुचाकी बाहेर सोडणार नाही. हरकत असेल तर इथेच सांगा.

स्मिता (बी-१०४): पूर्ण पाठिंबा काका 👍

निखिल (ए-५०१): भिया, कोपऱ्यावरून पोहे आणायलाही हेल्मेट? 😄

मिलिंद (सी-४०१): माझी हरकत आहे. मेसेज लांब होणार, चहा घेऊन बसा.

मी स्वतः हेल्मेट घालतो, बायकोलाही घालायला लावतो. प्रश्न तो नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती आधीपासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला, वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. म्हणजे कायदा होता, दंड होता. नाक्यावर उभं राहून तो वसूल करणारं कोणी नव्हतं. मग काय केलं? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे आपलं जुनं १४४, काढलं आणि ते काम पंपावर नोझल धरणाऱ्या पोराच्या गळ्यात घातलं. त्याचा पगार वाढला नाही, अधिकार मिळाला नाही, गिऱ्हाइकाच्या शिव्या मात्र मिळाल्या. आणि आदेश मोडला तर गुन्हा पंपवाल्यावर!

कलम १६३ तातडीच्या धोक्यासाठी आहे, त्याखालचा आदेश एरवी दोन महिनेच टिकतो. दुचाकीवरचं उघडं डोकं ही काय कालपरवाची आणीबाणी आहे? विधानसभेत चर्चा नाही, कोणी मत दिलं नाही, कलेक्टरच्या एका सहीवर सगळ्या शहराचं पेट्रोल अडलं.

निखिल (ए-५०१): तो दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला का? 😂

मिलिंद (सी-४०१): तेच तर. पंपापुरतं उसनं हेल्मेट घालायचं आणि पुढच्या वळणावर हँडलला लटकवायचं.

सरोज काकू (बी-२०३): मिलिंद, तू कायदा सांगितलास, मी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतलं सांगते. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. सरकारचेच आकडे आहेत. डोकं त्याचं, कबूल. पण सीटी स्कॅन सरकारी, बेड सरकारी, आणि घरी ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्यांचं काय? तुझं ते स्वातंत्र्य मी ड्यूटीवर असताना रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरून यायचं.

मिलिंद (सी-४०१): काकू, आकड्यांवर वाद नाही. तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तरही नाही. पण खर्च सरकार करतं म्हणून शरीरावर हक्क सरकारचा, हे एकदा मान्य केलं की थांबायचं कुठे? डायबिटीसचे पेशंटही सरकारी दवाखान्यात जातात. उद्या सराफ्याच्या खाऊगल्लीत जलेबा घेताना शुगरचा रिपोर्ट मागतील, आणि शेवेवर बंदी आली तर आपलं शहरच बंद पडेल. शिवाय याच कलम १२९ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. म्हणजे काही गोष्टी डोक्याच्या सुरक्षेपेक्षा मोठ्या असतात, हे सरकारही मानतं. मागे बसलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. ते स्वतः ठरवू शकत नाही, तिथे सक्ती हवीच.

स्मिता (बी-१०४): मग स्वच्छता? आठ वेळा इंदूरचा देशात पहिला नंबर काय प्रवचनाने आला? दंड लावला म्हणूनच ना?

मिलिंद (सी-४०१): माझा कचरा तुझ्या दारात येतो स्मिता, तिथे दंड योग्यच. आणि आधी घरोघर गाडी आली, मग दंड आला. सरकारने आपलं काम केलं आणि मग आपल्याकडे मागितलं.

खरं तर मला जास्त खटकला तो भिकेचा आदेश. १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा. देवळाबाहेर दहा रुपये दिले म्हणून गुन्हा नोंदवला गेलाय इथे! पैसे माझे, दया माझी, आणि आरोपीही मीच. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली होती. आपल्याकडे देणाराच सापडला. तिकडे केंद्र २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य करतं, किरकोळ गोष्टींसाठी तुरुंग नको म्हणून. इकडे कलेक्टर कचेरीतून नवीन गुन्हे निघतात.

सरोज काकू (बी-२०३): त्या भिकेमागे लहान मुलांना जुंपणाऱ्या टोळ्या असतात रे.

मिलिंद (सी-४०१): मग टोळ्या पकडा ना काकू. दहा रुपये देणारी आजी पकडायला सोपी, म्हणून तिला पकडायचं?

बर्वे काका (ए-३०२): तू शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची भाषणं फार ऐकलीस 😀 पण तुझ्याच तत्त्वाने बोलू. सोसायटी खाजगी आहे. आपण सभासद मिळून नियम केला तर तो आपसातला करार. त्यात सरकार आलं कुठे?

मिलिंद (सी-४०१): काका, पकडलंत! हे बरोबर आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला तर मी निमूट पाळीन. कमिटीतल्या पाच जणांनी परस्पर ठरवलं तर नाही. पण दोन गोष्टी उरतात. डिलिव्हरीवाली पोरं, कामाला येणाऱ्या बायकांना सोडायला येणारे नवरे, हे आपल्या करारात नाहीत. त्यांना आत घेऊन मग गेटवर अडकवायचं? आणि वॉचमन एजन्सीचा माणूस. त्याच्या कामात हे लिहिलेलंच नाही. खरं सांगा, तुम्ही घाईत स्कूटरवर निघालात तर तो तुमच्यासमोर गेट बंद ठेवील?

बर्वे काका (ए-३०२): ...

निखिल (ए-५०१): काका टायपिंग करतायत, काका थांबले, काका टायपिंग करतायत 😂

सरोज काकू (बी-२०३): सभेत मांडा. सभासदांवर सक्ती नको असेल तर निदान मागे बसणाऱ्या मुलांपुरता ठराव करा. त्याला मिलिंदही हात वर करेल.

मिलिंद (सी-४०१): करेन. वॉचमनला मध्ये न घालता.

बर्वे काका (ए-३०२): ठीक. रविवारी अकराला सभा, खाली पार्किंगमध्ये. आधी गणपतीच्या वर्गणीचा विषय, मग हा.

मिलिंद (सी-४०१): वर्गणी ऐच्छिक असेल तर येतो.

बर्वे काका (ए-३०२): ऐच्छिकच आहे. पाचशे एक.