यादवी युद्धातले सैनिक नेब्रास्कात शेतकरी कसे झाले?

ओमाहाकर:
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात असतो. इथून खाली बिॲट्रिस गावाजवळ होमस्टेडचं राष्ट्रीय पार्क आहे, ती मूळची डॅनियल फ्रीमनची जमीन. हा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या बाजूने होता. १ जानेवारी १८६३ ला होमस्टेड कायदा, म्हणजे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन फुकट देणारा कायदा, लागू झाला, आणि याला लगेच ड्युटीवर परत जायचं होतं म्हणून मध्यरात्र उलटताच जमिनीचं सरकारी ऑफिस उघडायला लावून अर्ज भरला असं सांगतात. १८६५ नंतर तर असे कितीतरी सैनिक कॅन्सस-नेब्रास्काकडे आले. मला पडलेला प्रश्न असा की खिशात फार पैसे नाहीत, आजूबाजूला झाड नाही दगड नाही नुसतं गवत, अशा ठिकाणी हा माणूस पहिली दोन-तीन वर्षं जगला कसा? जमीन फुकट मिळाली हे सगळेच लिहितात, पुढचं कुणी नीट सांगत नाही. आणि सैनिक म्हणून काही वेगळी सवलत होती का?

माळरान:
होती ना. मूळ कायद्यात १६० एकर, पाच वर्षं तिथे राहून कसायची, फी सगळी मिळून १८ डॉलर. १८७२ ला सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला, निदान ९० दिवस उत्तरेच्या सैन्यात काढले असतील तर नोकरीचा काळ त्या पाच वर्षांतून वजा. म्हणजे तीन वर्षं लढलेला माणूस दोन वर्षांत मालक, पण एक वर्ष तरी राहून कसायलाच पाहिजे. जखमी होऊन सुटला असेल तर भरतीची पूर्ण मुदत धरायचे. सरकारने रेल्वे कंपन्यांना दिलेल्या जमिनींच्या पट्ट्यात बाकीच्यांना ८० एकरच मिळायची, सैनिकाला तिथेही १६०, आणि हे फार महत्त्वाचं होतं कारण रेल्वे जवळ नसेल तर पिकलेलं धान्य विकायचं कुठे.

पैसा लागायचा तो बाकी सगळ्याला. बैल, पोलादी नांगर, बियाणं, विहीर. म्हणून बरेच जण गट करून आले. १८७१ च्या एप्रिलमध्ये कर्नल जॉन थॉर्प ओहायोकडून माजी सैनिकांची वसाहत घेऊन नेब्रास्कातल्या गिबनला उतरला. वणव्याने माळ काळा पडलेला, त्यात लगेच बर्फाचं वादळ आलं, घरं तर नव्हतीच, मग बायकापोरांसकट रेल्वेच्या मालडब्यांतच मुक्काम. नंतर घरं बांधली ती मातीची, नांगराने गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या जमिनीच्या पट्ट्या काढायच्या, कापून ढेपा करायच्या आणि विटांसारख्या रचायच्या, भिंत दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पण पाऊस थांबला तरी छत गळतच राहायचं. सरपण नाही म्हणून रानगव्याच्या वाळलेल्या शेणी जाळायच्या. पहिल्या वर्षी उलटलेल्या ढेपांत कुऱ्हाडीने खाच पाडून मका टोकायचा, आला तर आला.

खटावकर:
पावसाचं कुणी बोललंच नाही! पूर्व नेब्रास्कात ठीक आहे पण जसजसं पश्चिमेला जाल तसा पाऊस वर्षाला ५०० मिमीच्या आसपास येतो, म्हणजे आमच्या माण-खटावइतका, आणि पुढे त्याहून कमी. तिथे १६० एकर ऐकायला खूप वाटते पण कोरडवाहूत घर चालत नाही. नांगर फिरला की पाऊस मागे येतो असं तेव्हा विद्यापीठातला प्राध्यापकसुद्धा छातीठोकपणे सांगत होता. लोकांनी विश्वास ठेवला, १८९० च्या दशकात दुष्काळ पडला आणि कितीतरी कुटुंबं सगळं सोडून पूर्वेला परतली. मला याचा खरंच राग येतो, ज्याला पावसाचं कळत नाही त्याने शेतकऱ्याला भरीस घालू नये.

आणि १८७४ ची टोळधाड! उभा मका गेला, जमिनीतले कांदे पोखरले, घामाने खारट झालेले औजारांचे दांडे आणि चामड्याचे पट्टेसुद्धा कुरतडले. त्या हिवाळ्यात सैन्याने साठ्यातले जुने कोट आणि बूट वाटले, म्हणजे दहा वर्षांपूर्वी जो कोट उतरवला तोच परत अंगावर.

सुभेदाराची लेक:
विधवांनाही हक्क होता हे राहिलं. सैनिक मेला असेल तर त्याच्या बायकोला, तीही नसेल किंवा तिने दुसरं लग्न केलं असेल तर अज्ञान मुलांच्या नावे पालकाला अर्ज करता यायचा, आणि त्याची नोकरी त्यांच्या मुदतीत धरली जायची. माझे वडील फौजेत होते, पेन्शनच्या कागदांसाठी आईची किती धावपळ व्हायची ते पाहिलंय, त्यामुळे १८७२ मध्ये हे लिहून ठेवलं होतं याचं मला कौतुक वाटतं.

फ्रीमनची बायको ॲग्नेस, तिचं लग्न आधी त्याच्या भावाशी ठरलं होतं, तो युद्धात वारला. मग फ्रीमनने पत्रं लिहून तिला मागणी घातली, १८६५ ला लग्न झालं.

पण ती जमीन कुणाची होती हेही लिहा की. ओटो-मिझुरिया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी १८५४ च्या करारात बहुतेक सगळी सोडली, बिग ब्लू नदीकाठी थोडी राखून ठेवली, १८८१ ला तिथूनही ओक्लाहोमाकडे घालवलं. एकाला सेवेबद्दल जमीन देताना दुसऱ्याचं गाव उठलं, हे वगळून फ्रीमनची गोष्ट मला पुरी वाटत नाही.

ओमाहाकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं म्हणणं पटलं. जमीन नावावर करून घ्यायच्या फ्रीमनच्या १८६८ च्या कागदात साक्षीदारांनी मोजदाद दिलीय, १४ बाय २० फुटांचं घर, दोन दारं, दोन खिडक्या, १०० फूट लांब मेंढ्यांची शेड, ३५ एकर लागवड, ४० सफरचंदाची आणि ४०० च्या आसपास पीचची झाडं. पाच वर्षांत एवढं! म्हातारपणी मात्र यांचं कसं भागायचं? १६० एकर त्या वयात कोण कसणार.

माळरान:
पेन्शनवर. १८९० च्या कायद्याने ९० दिवस नोकरी आणि अंगमेहनत होत नाही एवढं दाखवलं की महिना ६ ते १२ डॉलर, दुखणं युद्धातलंच पाहिजे अशी अट नाही. दुष्काळी वर्षांत रोख पैसा तेवढाच. त्या अर्जांच्या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये मिळतात. त्यात डॉक्टरचा तपास असतो, शेजाऱ्यांचे जबाब असतात, किती वेळ नांगर धरता येतो, पाठ कधीपासून धरलीय असलं सगळं. वेळ मिळेल तेव्हा एखादी फाईल मागवून वाचाच.